आयगेन व्हॅल्यू सगळ्या १ च्या आत, तरी नॉर्म वाढत का जातो?

वक्ररेषा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घर करून बसला आहे, इथल्या जाणकारांपुढे मांडतो.

एक मोठी रेषीय समीकरणप्रणाली मी पुनरावृत्तीने सोडवतो आहे. दर फेरीत जुन्या उत्तराला एका मॅट्रिक्सने गुणायचं, एक ठरावीक सदिश मिळवायचा, की नवं उत्तर तयार. खऱ्या उत्तरापासूनची तफावतही दर फेरीत त्याच मॅट्रिक्सने गुणली जाते. काही सदिशांची (आयगेन व्हेक्टर) रेषा मॅट्रिक्सने गुणल्यावर बदलत नाही, लांबी फक्त काही पट होते; ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू. नियम सगळ्यांना पाठ असतो: प्रत्येक आयगेन व्हॅल्यूचं केवल मूल्य १ पेक्षा कमी असेल तर तफावत शून्याकडे जाते. माझी सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू ०.९ च्या आसपास आहे. म्हणजे दर फेरीला साधारण दहा टक्के घट व्हायला हवी. प्रत्यक्षात सुरुवातीच्या फेऱ्यांत तफावत शेकडो पट वाढते, 'वाढ दिसली तर थांब' ही प्रोग्रॅममधली अट लागते आणि गाडी तिथेच अडते. अट काढून टाकली तर बऱ्याच फेऱ्यांनंतर उत्तर बरोबर येतं.

मूळ मॅट्रिक्स फार मोठी आहे. अगदी तशीच वागणारी २×२ ची एक बनवली:

अ = [ ०.९  १०० ]
  [ ०   ०.८ ]

हिच्या आयगेन व्हॅल्यू ०.९ आणि ०.८, नुसत्या नजरेने दिसतात. आता घात काढा आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातली संख्या बघा: पहिल्या घातात १००, दुसऱ्यात १७०, तिसऱ्यात २१७, चौथ्यात २४६.५, पाचव्यात २६२.८, सहाव्यात २६९.३. तिथून उतार सुरू होतो, पण इतका संथ की ती संख्या १ च्या खाली यायला ६६ वा घात उजाडतो.

आयगेन व्हॅल्यू जर 'दर वेळी किती पट' हे सांगत असतील, तर हा डोंगर आला कुठून? आणि तो किती उंच असेल हे आधी कळायला काही मार्ग आहे का?

---

शून्योत्तर

राउंडिंगची तफावत साचत असेल का? डबल प्रिसिजनमध्येही, म्हणजे संगणकाच्या साधारण सोळा अंकी अचूकतेतही, अशा गोष्टी होतात. एकदा अपूर्णांकात, पूर्ण अचूक गणित करून बघा.

---

लंबकोन

राउंडिंगचा इथे संबंध नाही, हातानेच करून बघता येतं. न व्या घातात त्या कोपऱ्यातली संख्या नेमकी अशी येते:

१००० × (०.९^न − ०.८^न)

दोन्ही पदं शून्याकडेच जातात. पण १००० हा गुणक पुढे उभा आहे आणि दोन पदं वेगवेगळ्या वेगाने विरतात. सगळी गोष्ट या सूत्रात आहे, तरी १००० कुठून आले हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आयगेन व्हेक्टर काढू. ०.९ चा आहे (१, ०). ०.८ चा आहे (−१०००, १). दुसऱ्याची दिशा बघा: जवळजवळ पूर्ण आडवी. दोन रेषांमधला कोन आहे एक हजारांश रेडियन, म्हणजे ०.०५७ अंश. कागदावर काढायला गेलात तर एकच रेषा दिसेल.

आता सुरुवातीची तफावत (०, १) घ्या, लांबी फक्त १. ती आयगेन व्हेक्टरांच्या भाषेत लिहायची तर:

(०, १) = १००० × (१, ०) + (−१०००, १)

एक लांबीचा सदिश बनवायला हजार-हजार लांबीचे दोन सदिश लागले, कारण ते एकमेकांना जवळपास पूर्ण छाटतात. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंना तगडे गडी असले की दोर जागचा हलत नाही, तशी ही स्थिती आहे. मॅट्रिक्सने गुणलं की पहिला भाग ०.९ पट होतो, दुसरा ०.८ पट. दोघेही थकत चालले आहेत, पण दुसरा लवकर थकतो. सहा फेऱ्यांनंतर पहिल्या भागाची लांबी ५३१ आणि दुसऱ्याची २६२ उरते. जो तोल होता तो सुटला, आणि फरक उरला २६९.

प्रत्येक आयगेन व्हेक्टर दर फेरीत लहानच होतो आहे, आयगेन व्हॅल्यूंनी जे सांगितलं ते तंतोतंत घडतं आहे. मोठी झाली ती बेरीज. आणि बेरजेची लांबी किती हे आयगेन व्हॅल्यूंवरून कळत नाही, त्यासाठी आयगेन व्हेक्टरांमधले कोन लागतात.

हीच मॅट्रिक्स सममित असती तर तिचे आयगेन व्हेक्टर एकमेकांना लंब असते. मग पायथागोरस लागू होतो, छाटाछाटीला वावच राहत नाही, आणि नॉर्म, म्हणजे एका गुणाकारात सदिश जास्तीत जास्त किती पट लांब होतो ती संख्या, बरोबर ०.९ येतो. हे फक्त सममित मॅट्रिक्सांपुरतं नाही. जी मॅट्रिक्स आपल्या कॉन्जुगेट ट्रान्सपोजशी क्रम बदलून गुणली तरी तेच उत्तर देते, म्हणजे जिला नॉर्मल म्हणतात, तिच्यासाठी नॉर्म आणि सर्वांत मोठ्या आयगेन व्हॅल्यूचं केवल मूल्य एकच असतात. तुमची मॅट्रिक्स नॉर्मलपासून फार दूर आहे.

---

वक्ररेषा

लंबकोन, मनापासून आभार. (०, १) ची ती फोड बघितल्यावर लख्ख उजेड पडला. मग अ चा नॉर्म १०० च्या आसपास येतो तो याचमुळे का? मी काढला तर १००.००७ आला.

---

लंबकोन

हो. नॉर्म विचारतो: १ लांबीचा कुठलाही सदिश घ्या, एका गुणाकारात जास्तीत जास्त किती लांब होऊ शकतो? तो काढायचा तर अ चा ट्रान्सपोज गुणिले अ, या मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. गंमत बघा, नॉर्म हीसुद्धा एका आयगेन व्हॅल्यूचीच कहाणी आहे, फक्त वेगळ्या मॅट्रिक्सच्या. आणि ती मॅट्रिक्स सममित असते, त्यामुळे तिच्या आयगेन व्हॅल्यू भरवशाच्या.

---

अनंतमिती

धागा आवडला. लंबकोन यांनी पाया घातलाच आहे, त्यावर थोडं बांधतो.

सर्वांत मोठ्या आयगेन व्हॅल्यूच्या केवल मूल्याला स्पेक्ट्रल त्रिज्या म्हणू. ती कुठल्याही ऑपरेटर नॉर्मपेक्षा (लांबी कशीही मोजा, 'जास्तीत जास्त किती पट' हे सांगणारा नॉर्म) मोठी असूच शकत नाही. कारण साधं आहे: आयगेन व्हेक्टर हाही एक सदिशच, तो जितका ताणला जातो त्याहून नॉर्म कमी कसा असेल? उलट दिशेने मात्र काहीच बांधून ठेवत नाही. तुमच्या मॅट्रिक्समध्ये १०० च्या जागी दहा लाख लिहा, त्रिज्या ०.९ च राहील.

दोघांना जोडणारा पूल गेलफांड यांनी १९४१ मध्ये दिला: न व्या घाताचा नॉर्म घ्या, त्याचं न वं मूळ काढा, आणि न अनंताकडे जाऊ द्या. सीमा स्पेक्ट्रल त्रिज्येइतकी येते. कुठलाही नॉर्म वापरा, उत्तर तेच.

पण 'सीमा' या शब्दात किती धीर भरला आहे ते तुमच्या उदाहरणावर पाहा. न = १ ला उत्तर १००. न = ६ ला साधारण २.५४. न = ६६ ला जेमतेम १ च्या खाली. न = २०० ला ०.९३, आणि न = १००० ला ०.९०६. हजार फेऱ्यांनंतरही ०.९ ला टेकलेलं नाही! प्रमेय पूर्ण खरं आहे, पण ते दूरच्या क्षितिजाविषयी बोलतं. तुमचा प्रोग्रॅम अडतो तो पहिल्या सहा पावलांत.

अनंत मितीत गेलात की हा दुरावा आणखी खोल होतो. तिथे आयगेन व्हॅल्यू मुळात असेलच याची हमी नसते. वोल्तेरा ऑपरेटर घ्या (ऑपरेटर म्हणजे मॅट्रिक्ससारखीच, पण फलनांवर चालणारी रेषीय क्रिया): फलन घ्यायचं आणि त्याचं ० पासून क्ष पर्यंत इंटिग्रल द्यायचं, अंतराल ० ते १. याला एकही आयगेन व्हॅल्यू नाही. शून्यसुद्धा नाही, कारण इंटिग्रल सगळीकडे शून्य असेल तर मूळ फलनही शून्यच असायला हवं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ज्या संख्यांसाठी (संख्या × एकक − ऑपरेटर) याला नीट इन्व्हर्स नसतो त्यांच्या संचात, फक्त ० हा एक बिंदू उरतो, तोही आयगेन व्हॅल्यू म्हणून नव्हे. तरी वर्ग-इंटिग्रेबल फलनांच्या अवकाशात त्याचा नॉर्म २/पाय, म्हणजे ०.६३७ आहे. सर्वांत जास्त ताणलं जाणारं फलन असतं कोसाइनचा पाव तरंग, ० ला शिखर आणि १ ला शून्य.

आणि शून्य त्रिज्या कशी येते तेही दिसतं. सतत फलनांच्या अवकाशात कमाल किमतीचा नॉर्म घ्या. १ हे स्थिर फलन वारंवार इंटिग्रेट करत गेलात तर क्ष, मग क्ष² भागिले २, मग क्ष³ भागिले ६. न व्या घाताचा नॉर्म नेमका १ भागिले न फॅक्टोरियल. त्याचं न वं मूळ शून्याकडे जातं. पिकार्डच्या पद्धतीने डिफरेन्शिअल समीकरणाचं उत्तर काढताना अंतराल लांब असलं तरी पुनरावृत्ती जुळते, त्याच्या मुळाशी हाच फॅक्टोरियल आहे.

---

शून्योत्तर

सगळं मान्य, पण मला एक वेगळं म्हणायचं आहे. नॉर्म आपण निवडतो, तो निसर्गाने दिलेला नाही. दिलेल्या मॅट्रिक्ससाठी असा ऑपरेटर नॉर्म नेहमी सापडतो जो स्पेक्ट्रल त्रिज्येच्या हवा तितका जवळ असेल, हे प्रमेय आहे. इथे दुसऱ्या घटकाचं एकक बदला: त्याला १०,००० ने गुणून मोजा. मॅट्रिक्स होते

[ ०.९  ०.०१ ]
[ ०   ०.८ ]

आणि तिचा नॉर्म ०.९००३. म्हणजे या मापात पहिल्या फेरीपासून घटच आहे. डोंगर मॅट्रिक्समध्ये नाही, मोजपट्टीत आहे. योग्य मोजपट्टी घ्या आणि आयगेन व्हॅल्यूंवर विश्वास ठेवा.

---

लंबकोन

शून्योत्तर, प्रमेय बरोबर आहे आणि अभिसरण सिद्ध करायला ते फार कामाचं. पण त्यातून 'डोंगर नाहीच' हा निष्कर्ष निघत नाही.

नव्या मोजपट्टीत दर फेरीला ०.९००३ पट. छान. आता जुन्या मोजपट्टीत परत या. जाताना एका दिशेला १०,००० ने गुणलं होतं, परत येताना त्याची किंमत चुकवावी लागते. जुन्या नॉर्मबद्दल तुम्हाला इतकंच म्हणता येतं की तो १०,००० × ०.९००३^न पेक्षा जास्त नाही. वाढ गेली नाही, पुढच्या स्थिरांकात जाऊन बसली. आयगेन व्हेक्टरांचाच आधार घेतला तर हा स्थिरांक त्यांच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (तिचा नॉर्म गुणिले तिच्या इन्व्हर्सचा नॉर्म) होतो. एकक लांबीचे आयगेन व्हेक्टर घेतले तर तो इथे जवळपास २००० आहे.

आणि मोजपट्टी नेहमी आपल्या हातात नसते. वक्ररेषांच्या प्रणालीत दोन्ही घटक जर एकाच प्रकारच्या राशी असतील, किंवा नॉर्मचा वर्ग म्हणजे प्रत्यक्ष ऊर्जा असेल, तर एकाला दहा हजारांनी गुणून मोजणं हा फक्त सिद्धतेपुरता सोयीचा मार्ग आहे. संगणकातली संख्या ओव्हरफ्लो होते ती मूळ मापात. पूल कोसळतो तोही मीटरमध्ये.

---

शून्योत्तर

हे पटलं. स्थिरांकाकडे इतकं बारकाईने बघायची सवय नसते, 'कुठला तरी स्थिरांक' म्हणून आपण पुढे जातो.

---

कच्चं_गणित

मी विद्यार्थी आहे, प्रश्न प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या. स्पेक्ट्रल त्रिज्येलाच नॉर्म का म्हणत नाहीत? मग भांडणच मिटेल.

---

अनंतमिती

प्रश्न प्राथमिक नाही, नेमका आहे. नॉर्मच्या अटी तपासा.

[ ०  २ ]  [ ०  ० ]
[ ०  ० ]  [ २  ० ]

दोन्ही मॅट्रिक्स शून्य नाहीत, पण दोघींची स्पेक्ट्रल त्रिज्या शून्य. नॉर्म शून्य तर मॅट्रिक्सही शून्य, ही पहिली अट इथेच मोडली. त्यांची बेरीज करा: आयगेन व्हॅल्यू २ आणि −२. शून्य आणि शून्य मिळून दोन झाले, त्रिकोण असमानताही (बेरजेचा नॉर्म नॉर्मांच्या बेरजेहून जास्त नसतो) गेली.

पण मला यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. यातली कुठलीही एक मॅट्रिक्स दोनदा लावली की सदिश कायमचा शून्य होतो. यापेक्षा स्थिर काय असणार? आता आलटून पालटून लावा. पहिली गुणिले दुसरी याचा डावा वरचा कोपरा ४. म्हणजे दर दोन पावलांना चौपट, अखंड. दोन प्रणाली एकेकट्या लगेच विरतात, आणि त्यांच्यात अदलाबदल केली की अनंताकडे धावतात. गिअर बदलणारं यंत्र किंवा दोन कंट्रोलरमध्ये उडी मारणारी प्रणाली जो कुणी तपासतो त्याने हे उदाहरण भिंतीवर लावावं असं मला मनापासून वाटतं. अशा अदलाबदलीत वाढीचा कमाल दर मोजायला रोटा आणि स्ट्रँग यांनी १९६० मध्ये जॉइंट स्पेक्ट्रल त्रिज्या मांडली. ती काढणं साध्या त्रिज्येपेक्षा कितीतरी अवघड आहे.

---

कच्चं_गणित

आभारी आहे. बेरजेचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडे दोन्ही प्रकरणं वेगवेगळ्या सत्रांत शिकवली, आयगेन व्हॅल्यू आधी आणि नॉर्म वर्षभराने. दोघांची एकमेकांशी गाठ कधी पडलीच नाही.

---

प्रवाही

माझं काम द्रवगतिकीचं. तिथे हा प्रश्न शंभर वर्षांहून जास्त काळ ठाण मांडून बसला होता, म्हणून लिहितो.

१८८३ मध्ये रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत पाणी आणि रंगाची बारीक धार सोडून प्रयोग केले. वेग वाढवत नेला की सरळ धार एका टप्प्यावर विस्कटते, प्रवाह खळबळीचा होतो. नळीत हे साधारण रेनॉल्ड्स संख्या (वेग गुणिले रुंदी, भागिले द्रवाचा चिकटपणा) २००० च्या आसपास दिसतं. सिद्धांताची बाजू अशी: गुळगुळीत प्रवाहात छोटी ढवळाढवळ घाला, समीकरणं रेषीय करा, ऑपरेटरच्या आयगेन व्हॅल्यू काढा, आणि एखादी अस्थिर बाजूला जाते का ते पाहा.

दोन स्थिर पाट्यांमधल्या, दाबाने ढकललेल्या प्रवाहासाठी १९७१ मध्ये ऑर्झाग यांनी अतिशय अचूक उत्तर काढलं: ५७७२. प्रयोगात मात्र १००० च्या आसपासच खळबळ सुरू होते. दोन पाट्या एकमेकींवरून विरुद्ध दिशेने सरकतात त्या प्रवाहात तर फरक टोकाचा आहे. तो रेषीयदृष्ट्या कुठल्याही रेनॉल्ड्स संख्येला स्थिर असतो हे रोमानोव यांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं. प्रयोगात साधारण ३५० लाच तो विस्कटतो.

गणित चुकलं नव्हतं. ऑपरेटर नॉर्मलपासून फार दूर होता, आणि सगळे आयगेन व्हॅल्यूंकडे बघत होते. १९९३ मध्ये ट्रेफेथेन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हाच मुद्दा ठळकपणे मांडला. सरकत्या पाट्यांच्या प्रवाहात रेनॉल्ड्स संख्या १००० असताना योग्य आकाराच्या ढवळाढवळीची ऊर्जा हजारपटीहून जास्त वाढते आणि मग विरते, प्रत्येक आयगेन व्हॅल्यू स्थिर असूनसुद्धा. ही कमाल वाढ रेनॉल्ड्स संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

मला यात सर्वांत सुंदर वाटतं ते हे: द्रवप्रवाहाच्या नेव्हिएर-स्टोक्स समीकरणातलं अरेषीय पद ढवळाढवळीची एकूण ऊर्जा वाढवत नाही, ते ती फक्त इकडून तिकडे वाटतं. म्हणजे खळबळीला लागणारी ऊर्जा मूळ प्रवाहातून खेचून घ्यायचं काम त्या रेषीय ऑपरेटरलाच करावं लागतं. डोंगर उभा राहिला की अरेषीय पद तिथून पुढचा खेळ हातात घेतं, आणि 'शेवटी सगळं विरेल' हे रेषीय भाकीत घडायची वेळच येत नाही.

फेऱ्यांऐवजी सतत काळ असेल, म्हणजे बदलाचा दर = अ गुणिले स्थिती, तर सुरुवातीचा उतार मोजायला अ आणि तिचा ट्रान्सपोज यांच्या सरासरीची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू घ्यायची. उदाहरणार्थ

[ −१  १०० ]
[ ०   −२ ]

आयगेन व्हॅल्यू −१ आणि −२, दोन्ही स्थिर. सरासरीची मोठी आयगेन व्हॅल्यू ४८.५. म्हणजे पहिल्या क्षणाला सर्वांत वाईट सदिश ४८.५ या दराने वाढतो आहे. कोपऱ्यातली संख्या १०० × (ई^−ट − ई^−२ट), काळ ०.६९३ ला ती २५ वर पोचते, मग उतरते.

---

वक्ररेषा

प्रवाही, हे वाचून थक्क झालो.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डोंगराची उंची आधी कळेल का? सगळे घात काढून बघणं माझ्या आकाराला परवडत नाही.

---

लंबकोन

कळते, निदान दोन कुंपणांच्या आत. क्राइस यांचं १९६२ चं प्रमेय याच प्रश्नाला उत्तर देतं.

आयगेन व्हॅल्यू म्हणजे अशा संख्या य, ज्यांच्यासाठी (य × एकक − अ) या मॅट्रिक्सला इन्व्हर्स नसतो. पण इन्व्हर्स 'आहे की नाही' एवढंच विचारून थांबू नका, 'किती मोठा आहे' तेही विचारा. एकक वर्तुळाच्या बाहेरचा प्रत्येक य घ्या, त्या इन्व्हर्सचा नॉर्म काढा, आणि त्याला य वर्तुळापासून किती दूर आहे त्या अंतराने गुणा. या गुणाकाराची कमाल किंमत म्हणजे क्राइस स्थिरांक. घातांच्या नॉर्मचं शिखर या स्थिरांकाहून कमी नसतं, आणि ई (२.७१८…) × मिती × स्थिरांक याहून जास्त नसतं. वरच्या कुंपणाचं हे नेमकं रूप स्पाइकर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं.

तुमच्या मॅट्रिक्सवर करून बघू. इन्व्हर्सच्या कोपऱ्यात १०० भागिले (य − ०.९)(य − ०.८) येतं. य = १ + स धरा, अंतर स ने गुणा: १०० स भागिले (स + ०.१)(स + ०.२). स = ०.१४१ ला ही किंमत कमाल, १७१.६. म्हणजे एकही घात न काढता कळलं की शिखर १७१ च्या वरच असणार, आणि ९३५ च्या वर जाणार नाही. खरं शिखर २६९.३.

याच चौकशीतून दुसरी, जास्त काळजीची गोष्ट दिसते. मॅट्रिक्सच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात शून्य आहे, तिथे ०.०००२ लिहा. कर्णावरची बेरीज १.७ तशीच राहते, डिटरमिनंट ०.७२ वरून ०.७० होतो. नव्या आयगेन व्हॅल्यू: १ आणि ०.७. शंभर नॉर्मच्या मॅट्रिक्समध्ये ०.०००२, म्हणजे दहा लाखात दोन इतका धक्का, आणि स्थिरता संपली. मॅट्रिक्स सममित असती तर ०.०००२ च्या धक्क्याने आयगेन व्हॅल्यू जास्तीत जास्त ०.०००२ ने सरकली असती. म्हणून तुमच्या मूळ मॅट्रिक्सचे आकडे मोजमापातून आले असतील तर '०.९' या आकड्याकडे सावधपणे बघा.

---

अनंतमिती

लंबकोन यांच्या शेवटच्या मुद्द्याचं टोकाचं रूप: १६×१६ ची मॅट्रिक्स, मुख्य कर्णाच्या लगेच वर सगळे १, बाकी सगळे शून्य. सगळ्या आयगेन व्हॅल्यू शून्य. डाव्या खालच्या कोपऱ्यात १०^−१६ लिहा, म्हणजे डबल प्रिसिजनला जवळपास दिसणारही नाही इतकं. आता सोळाही आयगेन व्हॅल्यूंचं केवल मूल्य ०.१. संख्या सोळाव्या दशांश स्थानावर हलली, उत्तर पहिल्या दशांश स्थानावर.

यामुळे नॉर्मलपासून दूरच्या मॅट्रिक्ससाठी आयगेन व्हॅल्यूंचे सुटे ठिपके न काढता 'इन्व्हर्सचा नॉर्म जिथे मोठा आहे तो प्रदेश' नकाशावर काढतात. त्याला स्यूडोस्पेक्ट्रम म्हणतात. लहान धक्क्याने आयगेन व्हॅल्यू कुठे कुठे जाऊ शकतात ते तोच नकाशा दाखवतो.

---

वक्ररेषा

माझ्या मॅट्रिक्सची मिती काही हजारांत आहे. ई × मिती म्हणजे वरचं कुंपण फारच लांब पडतं. शिखर जास्त नेमकं काढायला काही आहे का? पूर्ण घात साठवायला जागा नाही, मॅट्रिक्स विरळ आहे (बहुतेक जागा शून्य), घात भरगच्च होतात.

---

लंबकोन

घात साठवायची गरजच नाही. क व्या घाताचा नॉर्म हवा असेल तर एक यादृच्छिक सदिश घ्या. त्याला अ ने क वेळा गुणा, मग अ च्या ट्रान्सपोजने क वेळा गुणा, लांबी १ करा, आणि पुन्हा तेच. हे सारं सदिश गुणिले विरळ मॅट्रिक्स इतकंच काम आहे. काही फेऱ्यांत लांबी ज्या गुणोत्तराने वाढते ते स्थिरावतं, त्याचं वर्गमूळ म्हणजे त्या घाताचा नॉर्म. किती फेऱ्या लागतील ते त्या घाताच्या पहिल्या दोन सिंग्युलर व्हॅल्यूंमधल्या (ट्रान्सपोज गुणिले स्वतः, याच्या आयगेन व्हॅल्यूंची वर्गमूळं) अंतरावर ठरतं. डोंगर उंच असतो तेव्हा बहुधा हे अंतर भरपूर असतं, म्हणून काम लवकर उरकतं.

शिवाय हातात जो सदिश उरतो तो सर्वांत वाईट सुरुवात असतो. कुठल्या दिशेची तफावत सर्वांत जास्त फुगते ते त्यातून थेट वाचता येतं.

---

वक्ररेषा

२×२ वर लगेच करून पाहिलं. क = ६ ला २६९.३० आलं, आणि सर्वांत वाईट दिशा साधारण (०.००२, १), म्हणजे जवळपास पूर्ण दुसरा घटक.

थांबायची अट आता अशी बदलतो आहे. खरी तफावत मला दिसत नाही, पण लागोपाठच्या दोन उत्तरांमधला फरक दिसतो, आणि तोही दर फेरीत त्याच मॅट्रिक्सने गुणला जातो. तेव्हा पहिल्या फरकाच्या तुलनेत आताचा फरक किती पट झाला ते मोजायचं, आणि तो आधी काढलेल्या शिखराच्या वर गेला तरच थांबायचं. त्याच्या आतली वाढ ही मॅट्रिक्सची स्वतःची चाल समजून पुढे जाऊ द्यायची.

---

लंबकोन

अट योग्य आहे. शिखर शोधताना क फक्त एक-दोन किमतींना तपासू नका. क = १, २, ४, ८, १६ असं दुपटीने चढत जा आणि जिथे उतार लागेल त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पावलांनी बघा. मोठ्या मॅट्रिक्सला कधी कधी एकामागे एक दोन डोंगर असतात.